सिंकखालची झडप आणि लालबागच्या कुंड्या

प्रश्न : बुऱ्हाणपुरात आमचे जुने घर आहे. यंदा दुसऱ्या मजल्यावर वेगळे स्वयंपाकघर केले. सूनबाईंना खिडकीपाशी जेवणाचे टेबल हवे होते, म्हणून ओटा बाहेरच्या भिंतीला न घेता मधल्या भिंतीला घेतला. आता भरलेले सिंक सोडले की पाणी संपता संपता एखादा म्हातारा ताकाचा शेवटचा घोट ओढतो तसा आवाज होतो, आणि मग वास येऊ लागतो. अमेरिकेतला धाकटा मुलगा दिवाळीला आला तेव्हा मुठीत मावेल अशी एक पांढरी प्लॅस्टिकची झडप घेऊन आला. तिकडे म्हणे ती सिंकखाली सर्रास बसवतात. आमच्या मिस्त्रीने ती उलटसुलट फिरवून पाहिली आणि विचारले, "गुरुजी, इसमें से पानी जाएगा किधर?" मलाही उत्तर देता आले नाही. ही झडप नेमकी कुठे बसवायची, किती उंचीवर, आणि तिच्यातूनच वास येणार नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, बुऱ्हाणपूर

उत्तर : गुरुजी, मिस्त्रीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पाइपांच्या धंद्यातला माणूस कोणतीही वस्तू हातात आली की आधी पाण्याची वाट शोधतो, आणि या झडपेत पाण्याला वाटच नाही. तिच्यातून जाते ती फक्त हवा, तीही खोलीतून पाइपात. पाइपातून खोलीत तिने काहीच येऊ द्यायचे नसते. मुलाने आणलेली वस्तू एवढेच काम करते. पण ती नीट बसवायची तर आधी त्या ताकाच्या घोटाचा उलगडा करून घ्यायला हवा.

सिंकखाली पाइपाला जे वळण असते, म्हणजे ट्रॅप, त्यात दोनेक इंच पाणी कायम साठलेले असते. गटारातली हवा आणि तुमचा ओटा यांच्यामध्ये तेवढ्याच पाण्याची भिंत आहे. लंडनमध्ये घड्याळे बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ साली शौचकूपासाठी अशा वळणाच्या नळीचे पेटंट घेतले. अडीचशे वर्षांत पुष्कळ काही बदलले, ही युक्ती मात्र जिथल्या तिथे आहे. आपल्याकडे मोरीतल्या ट्रॅपला तर दुकानदार 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. इंग्रजी कॅटलॉगातसुद्धा हे नाव असेच छापतात, आणि ते वाचताना मला दर वेळी आजीची न्हाणी आठवते. ते असो.

भरलेले सिंक एकदम सोडले की पाण्याचा लोंढा पाइप भरून खाली धावतो. पिचकारीचा दट्ट्या मागे खेचल्यावर जे होते तेच त्याच्या पाठीमागे होते. पाणी दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरत असल्याने ही ओढ चांगली जोरकस असते. मागून कुठून तरी हवा मिळाली तर ठीक. नाही मिळाली, तर सगळी ओढ ट्रॅपात साठलेल्या पाण्यावर येते. तेही लोंढ्यामागे निघून जाते आणि त्याच्या जागी सिंकातली हवा गुडगुडत घुसते. हाच तुमचा ताकाचा घोट. भिंतच वाहून गेल्यावर गटाराचा वास वर यायला किती वेळ लागणार?

बंद वाटेने जाणाऱ्या पाण्याला मधेमधे हवा लागते, हे बुऱ्हाणपूरकराला बाहेरच्या कुणी शिकवायला नको. लालबागेकडचा कुंडी भंडारा, ज्याला खूनी भंडारा असेही म्हणतात, तो तुम्ही शाळेच्या सहलीत कितीदा तरी दाखवला असेल. अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी हेरले आणि जमिनीखालच्या बोगद्याने ते गावाकडे वळवले. पंप नाही, रहाट नाही, सगळा भरवसा उतारावर. या बोगद्याच्या माथ्यावर ठराविक अंतराने विहिरींसारखी तोंडे आहेत. त्याच कुंड्या, शंभराहून जास्त. पहिल्या कुंडीत सुमारे ८० फूट खाली उतरायला लिफ्ट बसवलेली आहे. खाली गुडघाभर पाण्यात उभे राहिले की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चुन्याची पांढरी पुटे दिसतात आणि मान वर केली की ताटाएवढे आभाळ. खोदणाऱ्यांनी माती काढली ती या तोंडांतून, गाळ उपसायचा तो इथून, आणि वारा खेळता राहिला तोही यांच्यामुळेच. म्हणून बोगद्यातले पाणी कुठे कोंडत नाही, ओढ्यासारखे वाहते. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत हा भंडारा गेला तेव्हा खरे तर गावातल्या प्रत्येक नळकारागिराला कुणीतरी पेढे द्यायला हवे होते.

तुलना थोडी ताणलेली आहे, हे कबूल. कुंडी भंडारा पिण्याचे पाणी आणणारा, तुमचा पाइप खरकटे पाणी नेणारा. पण पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याकडे पेशव्यांनी जो नळ आणला, त्याच्या वाटेवर हवेसाठी जी उंच बांधकामे ठेवली त्यांना मराठीत 'उच्छ्वास' म्हणतात. हा शब्द हाताशी ठेवा, तुमच्या झडपेची सगळी मेख त्यात आहे.

घरातल्या सांडपाण्याच्या पाइपाचा उच्छ्वास म्हणजे गच्चीवर निघालेला, डोक्यावर जाळीची टोपी घातलेला पाइप. तो दोन्ही कामे करतो. वरून पाणी कोसळले की हवा आत घेतो. खालून गटाराची हवा दाबली गेली की ती बाहेर सोडतो. तुमचे सिंक बाहेरच्या भिंतीला असते तर तिथल्या उभ्या पाइपात हा उपाय आयता मिळाला असता. मधल्या भिंतीतून गच्चीपर्यंत नवा पाइप न्यायचा तर स्लॅब फोडावा लागेल, आणि मग सूनबाईंचे टेबल किती महागात पडले याचा हिशेब घरात सुरू होईल. अशाच अडचणीसाठी स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात ही झडप निघाली. आतमध्ये रबराची एक चकती स्वतःच्या वजनाने बैठकीवर टेकलेली असते. पाइपात ओढ निर्माण झाली की चकती उचलली जाते आणि खोलीतली हवा आत शिरते. ओढ थांबली की चकती पुन्हा खाली बसते. स्प्रिंग नाही, वीज नाही.

म्हणजे ही झडप श्वास घेते, पण उच्छ्वास टाकत नाही. वास येत नाही तो याचमुळे, आणि तिच्या एकटीच्या भरवशावर घर सोडता येत नाही तेही याचमुळे. खालच्या बाजूने हवा दाबली गेली, म्हणजे चेंबर तुंबले किंवा पावसाळ्यात गटार भरून आले, तर या झडपेला काहीच करता येत नाही. तो दाब बाहेर सोडायला कुठे तरी उघडा पाइप लागतोच. अमेरिकेतही हिला सगळीकडे मुभा नाही, आणि जिथे आहे तिथेही घराचा निदान एक पाइप उघड्या हवेत काढलेला असला पाहिजे, अशी अट असते. तेव्हा झडप लावायच्या आधी गच्चीवर जा आणि टोपीचा पाइप आहे का, त्याच्या तोंडात पारव्यांनी घरटे तर केलेले नाही ना, ते पाहून या. घरात सेप्टिक टँक असेल तर त्याचा हवेचा पाइप घराच्या माथ्याच्या वर २ मीटरपर्यंत गेलेला असावा, अशी आपल्याकडच्या मानकाची अपेक्षा आहे. टँक घरापासून १५ मीटरांहून लांब असेल तरच तो बुटका चालतो.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीकडून तपासून घ्या : तुमच्या सिंकचा पाइप खाली जाऊन कुठे सुटतो? आपल्याकडच्या जुन्या घरांत तो भिंतीबाहेर काढून मोरीच्या जाळीवर किंवा गली ट्रॅपवर उघडा सोडलेला असतो. तळमजल्यावर तसे असेल तर पाइप आखूड, शेवट मोकळा, ओढ फारशी निर्माणच होत नाही. तिथे झडप म्हणजे खिशाला भुर्दंड. तुमचा मात्र दुसरा मजला आहे आणि आवाजही येतो आहे, त्यामुळे पाइप नुसता घाणीने अर्धवट तुंबलेला नसेल, तर झडप कामाची ठरेल. तुंबलेला पाइपही असाच गुडगुडतो. आधी तो साफ करून घ्या, मग ठरवा.

आता जागा. सिंकचे भांडे, त्याखाली वेस्ट कपलिंग, त्याखाली ट्रॅप, आणि ट्रॅपातून भिंतीकडे जाणारा आडवा पाइप, असा क्रम डोळ्यांपुढे आणा. झडप या आडव्या पाइपावर, ट्रॅपच्या पलीकडे आणि भिंतीच्या अलीकडे. ट्रॅपच्या आधी बसवली तर ती निव्वळ शोभेची, कारण तिथे सिंकच्या तोंडातून हवा आहेच. आडव्या पाइपात एक टी असा घालायचा की त्याचे तिसरे तोंड सरळ आभाळाकडे राहील. त्यात उभा तुकडा, आणि तुकड्याच्या डोक्यावर झडप. आडव्या पाइपापासून झडप किमान १०० मिलिमीटर वर हवी. मिस्त्री 'चार बोटे' म्हणेल. तुम्ही 'चार इंच' म्हणा, चार बोटे तीन इंचांतच संपतात.

हे कमीत कमी झाले. खरे तर सिंकच्या बुडाखाली जितकी उंच मावेल तितकी ती वर घ्यावी. पुढेमागे पाइप तुंबला की खरकटे पाणी टीमधून वर चढू पाहते. झडप तेव्हा मिटलेली असते, त्यामुळे उभ्या तुकड्यात हवा कोंडून राहते. उपडा पेला बादलीत दाबला तर आत पाणी शिरत नाही, तसेच हे. तुकडा आखूड ठेवला तर तेला-तुपाचा फेस रबरापर्यंत पोचतो, आणि एकदा चकती चिकट झाली की ती धड उघडत नाही आणि धड मिटतही नाही.

झडप उभीच हवी, आडवी किंवा उलटी चालत नाही, कारण चकतीला बसवणारे दुसरे काही नाही, तिचे वजनच आहे. जास्तीत जास्त १५ अंशांचा कल चालतो. तास-काटा बारावरून साडेबाराला जेवढा सरकतो तेवढा. त्याहून जास्त कललेली दिसली तर काढून पुन्हा लावायला सांगा.

टी ट्रॅपच्या अगदी बोकांडी नको. दीड इंची पाइप असेल तर वळणापासून निदान तीन इंच सोडा, नाहीतर उसळणारे पाणी थेट उभ्या तुकड्यात उडते. फार लांबही नको. आडवा पाइप फुटाला पाव इंच उताराने जातो असे धरले तर सहा फुटांत तो दीड इंच उतरतो, म्हणजे स्वतःच्या जाडीइतका. त्यापलीकडे टीचे तोंड ट्रॅपातल्या पाण्याच्या काठाखाली जाते आणि हवा पोचायच्या आत ट्रॅप रिकामा होऊ शकतो. सिंकखालच्या कपाटात एवढे अंतर मिळायचेच नाही, म्हणून याची चिंता करू नका. चिंता करायची ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याकडे पुष्कळ सिंकांना वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप असतो, तो कसाबसा वाकवून जमिनीतल्या तोंडात खुपसलेला असतो. त्याला आडवा भागच नाही, मग टी कशावर बसवणार? असा पाइप असेल तर तो काढून घट्ट पीव्हीसीचा पी-ट्रॅप आणि आडवा तुकडा लावून घ्या. माझा अंदाज असा की तुमचा निम्मा त्रास त्या बदलानेच जाईल. आणि आरओ मशीनच्या वाया जाणाऱ्या पाण्याची बारीक नळी मिस्त्रीने जर ट्रॅपच्या पलीकडे भोक पाडून लांबीने चिकटवली असेल, तर तिथूनही वास येतो. ती ट्रॅपच्या अलीकडे घ्या.

तुमच्या झडपेची एक खास अडचण आहे, ती अमेरिकेहून आलेली आहे. तिकडचे दीड इंची आटे आणि आपल्याकडचे दीड इंची आटे दिसायला सख्खे भाऊ, पण तिकडच्यात इंचाला साडेअकरा आटे आणि इकडच्यात अकरा. दोन फेरे बसतात, तिसऱ्याला अडतात. मिस्त्री पाना लावून रेटेल आणि प्लॅस्टिकला चीर जाईल. डब्यात झडपेबरोबर एखादी जोडणी असेल तर तीच वापरा. ती ज्या पाइपावर चढते त्याची बाहेरची जाडी ४८ मिलिमीटरांच्या किंचित वर असते. आपला सांडपाण्याचा ५० मिलिमीटरी पाइप तिच्यात जात नाही आणि ४० चा डुगडुगतो. इंचाच्या मापाने विकला जाणारा दीड इंची यूपीव्हीसी पाइप बुऱ्हाणपुरात नाही मिळाला तर भुसावळ किंवा खांडव्याला मिळेल. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची आणि झडप हातानेच घट्ट करायची. चिकटवायचे सोल्यूशन चकतीच्या आसपास ओघळले तर झडप गेलीच म्हणून समजा, म्हणून पाइप आधी चिकटवून वाळू द्या, झडप सगळ्यात शेवटी.

माझ्या स्वतःच्या घरी झालेली फजिती सांगतो. मी मोठ्या हौसेने जागा, उंची, ओळंबा सगळे मोजून झडप बसवली. पुढच्या आठवड्यात ट्रॉल्या बसवणारा कारागीर आला आणि 'हे काय विद्रूप दिसते' म्हणून त्याने तिच्यासमोर प्लायवूडची फळी ठोकून कडेने सिलिकॉन भरले. काम इतके सफाईदार की मलाही कळले नाही. पंधरा दिवसांत गुडगुड पुन्हा सुरू. हवाबंद खोक्यात कोंडलेली झडप हवा घेणार कुठून? शेवटी फळीला करवतीने खिडकी पाडली, ती अजून तशीच आहे, आणि पाहुणे तिच्याकडे बघून विचारतात. तेव्हा कपाटाच्या दाराला जाळी किंवा चार भोके ठेवाच. झडप भिंतीत गाडू नका, कारण चकती कधी ना कधी कडक होते आणि झडप बदलावी लागते. कचऱ्याचा डबा रोज ओढताना तिला धक्का लागणार नाही, असा कोपरा निवडा.

बसवून झाल्यावर परीक्षा सोपी आहे. सिंक काठोकाठ भरा, एक उदबत्ती पेटवून झडपेच्या कडेशी धरा आणि सूनबाईंना बूच काढायला सांगा. (गॅसचा सिलिंडर त्याच कपाटात असेल तर आधी तो बाहेर काढा, हे सांगायला नको.) पाणी उतरताना धुराची रेघ झडपेकडे वाकेल, एकदम आत ओढली जाईल. पाणी संपले की रेघ पुन्हा सरळ उभी राहिली पाहिजे. धूर झडपेपासून दूर ढकलला जात असेल तर चकती बसत नाही किंवा खाली कुठे तरी तुंबले आहे. आणि ताकाचा घोट ऐकू आला नाही, तर ट्रॅपात पाणी शाबूत आहे.

एवढे करूनही एखाद्या दिवशी वास आला तर सिंककडे बोट दाखवण्याआधी मोरी बघा. ट्रॅपातले पाणी हवेच्या ओढीने जाते तसे उन्हाने आटूनही जाते. मे महिन्यात घर बंद करून महिनाभर मुलाकडे गेलात, तर बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात न वापरलेल्या नहाणी ट्रॅपात काय उरणार? ही नुसती वासाची बाब नाही. २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली. तपासात न्हाणीघरांतले जमिनीचे कोरडे पडलेले ट्रॅप पुढे आले. एग्झॉस्ट पंखा लावला की त्या कोरड्या वळणांतून सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा घरात खेचली जात होती. तुमच्या नव्या स्वयंपाकघरात चिमणी बसवली असेलच. तीही तोच पंखा आहे, फक्त मोठा. गावाहून परतलात की चिमणी लावायच्या आधी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता.

जाता जाता. जुलै २०२२ मध्ये तुमचा जिल्हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला, अडीचशेवर गावांत घरोघर नळ पोचले. नळ आला की मागोमाग सिंक येते, आणि सिंक आले की असली पत्रे माझ्याकडे येतात. तुमच्या मिस्त्रीला ही झडप आणि हे उत्तर दोन्ही दाखवा. पुढच्या वर्षी आजूबाजूच्या गावांत त्यालाच बोलावणी येतील. मुलाला फोन कराल तेव्हा अशीच आणखी एक झडप आणायला सांगा, आणि पहिली ज्या दिवशी बसवाल त्या दिवसाची तारीख न पुसणाऱ्या पेनाने उभ्या तुकड्यावर लिहून ठेवा.